शीण उतरण्याची वेळ

प्रस्तावना

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी अनेकजण दिवसभर काम करून रात्री पुस्तक उघडत असतील. कोणी कारखान्यात, कोणी दुकानात, कोणी शेतावर, तर कोणी स्वतःच्याच घरात राबून. पाठाचे एक पान वाचून होत नाही तोच डोळे मिटू लागतात आणि मग आपण स्वतःलाच आळशी म्हणून दोष देतो. हा दोष कितपत खरा आहे? काम, कामाचा ताण, वाढते वय आणि झोप यांचा परस्परसंबंध सांगणारा हा वैचारिक लेख तुम्हांला या प्रश्नाचा विचार करायला लावील. लेखात थोडे शरीरविज्ञान आहे, थोडा इतिहास आहे आणि मराठीने झोपेसाठी घडवलेले काही सुंदर शब्दही आहेत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• कामाचा शीण आणि झोप यांतील संबंध स्वतःच्या शब्दांत सांगू शकाल;
• वयानुसार झोपेत होणारे बदल स्पष्ट करू शकाल;
• ऐकीव समजूत आणि पुराव्यावर आधारलेले विधान यांतील फरक ओळखू शकाल;
• झोपेशी निगडित शब्द व वाक्प्रचार यांचा योग्य उपयोग करू शकाल.

मूळ पाठ

(१)

माझे बालपण मुंबईच्या गिरणगावातील एका चाळीत गेले. वडील गिरणीच्या साचेखात्यात कामाला होते. त्यांची पाळी बदलत असे. मध्यरात्रीपासून सकाळी सातपर्यंतची तिसरी पाळी असली, की ते आठच्या सुमारास घरी येत, चहा-भाकरी घेत आणि खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडत. त्या आठवड्यात आमच्या घराला वेगळे नियम लागू होत. मोरीत भांडी आपटायची नाहीत, रेडिओ लावायचा नाही, गॅलरीत गोट्या खेळायच्या नाहीत. एखादी शेजारीण दारातून मोठ्याने बोलू लागली, की आई नुसते ओठांवर बोट ठेवी. शेजारणीला अधिक काही सांगावे लागत नसे. पुढच्या आठवड्यात तिच्याही घरी तेच व्हायचे असे.

वडील तरुण होते तोवर हे साधत होते. चाळिशी उलटल्यावर मात्र ते दोन-तीन तासांतच उठून बसू लागले. आईने विचारावे, ‘‘झोप झाली का?’’ आणि त्यांनी म्हणावे, ‘‘डोळा लागला होता, पण शीण काही गेला नाही.’’ आम्हां मुलांना हे वाक्य कळत नसे. झोपले की शीण जातोच, अशी आमची समजूत होती. पुढे कितीतरी वर्षांनी झोपेविषयीचे संशोधन वाचताना त्या वाक्याचा अर्थ मला उलगडला. डोळा लागणे आणि शीण जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वडिलांना ते कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक होते.

(२)

शीण म्हणजे नेमके काय? हमालाची पाठ भरून येते, शिवणकाम करणाऱ्या बाईचे डोळे चुरचुरतात, हिशेबनिसाचे डोके जड होते. कामे निराळी, दुखणीही निराळी. तरी आत, शरीराच्या पातळीवर, त्यांत एक साम्य असते. कॅनडातील माँट्रियल येथे काम करणारे शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांनी १९३६ साली एक लहानसा लेख प्रसिद्ध केला. थंडी, जखम, अतिश्रम अशा अगदी वेगवेगळ्या त्रासांना उंदरांचे शरीर बरेचसे एकाच पद्धतीने तोंड देते, असे त्यांनी त्यात दाखवले होते. आज आपण ज्याला ‘ताण’ म्हणतो त्या कल्पनेच्या अभ्यासाची ही सुरुवात मानली जाते. ताण आला की हृदयाची गती वाढते, रक्तदाब चढतो, रक्तात कॉर्टिसॉलसारखी द्रव्ये मिसळतात. यात वाईट काहीच नाही. रस्ता ओलांडताना अंगावर येणारी मोटार चुकवायची असेल, तर हे सारे हवेच.

वाईट असते ते शरीर पुन्हा मूळ स्थितीवर न येणे. नेदरलँड्समधील मेइमान आणि मुल्डर या अभ्यासकांनी १९९८ साली हा विचार सुसंगतपणे मांडला. काम केले की त्याची खूण शरीरावर उमटते; काम थांबले की ती पुसली जाते. पुसली जाण्याआधीच दुसऱ्या दिवशीचे काम सुरू झाले, तर माणूस उणे शक्तीने कामाला लागतो, तेच काम करायला त्याला अधिक जोर लावावा लागतो आणि संध्याकाळी शीण कालच्याहून जास्त चढतो. वाण्याच्या वहीतील उधारीसारखे हे आहे. रोजची उधारी रोज फेडली तर वाणीही हसतमुख असतो. थोडी थोडी मागे राहू लागली, की महिनाअखेरीस आकडा पाहून आपल्यालाच नवल वाटते.

ही फेड मुख्यतः रात्री होते.

पाठगत प्रश्न १
(अ) लेखकाच्या घराला कोणत्या आठवड्यात ‘वेगळे नियम’ लागू होत? का?
(आ) ‘वाण्याची उधारी’ हे उदाहरण लेखकाने कोणती गोष्ट समजावण्यासाठी दिले आहे?

(३)

दिवा मालवावा तसे झोपेत शरीर बंद पडते, असे फार काळ मानले जाई. शिकागो विद्यापीठातील नॅथॅनिएल क्लाइटमन आणि त्यांचे विद्यार्थी युजीन असेरिन्स्की यांनी १९५३ साली या समजुतीला धक्का दिला. झोपलेल्या माणसाचे डोळे मिटल्या पापण्यांआड काही काळ झपाट्याने हलतात आणि त्या वेळी त्याला जागे केले तर तो बहुधा स्वप्न सांगतो, असे त्यांना आढळले. आता आपल्याला माहीत आहे, की रात्रीची झोप एकसुरी नसते. हलकी झोप, मग गाढ झोप, मग स्वप्नांची झोप असा एक फेरा सुमारे दीड तासाचा असतो आणि रात्रीत असे चार-पाच फेरे होतात. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागात येतो. स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते.

मराठी भाषा या बाबतीत प्रयोगशाळेच्या पुढे होती, असे कधी कधी वाटते. बसल्या बसल्या येते ती पेंग. क्षणभर लागते ती डुलकी. जेवणानंतर डाव्या कुशीवर घटकाभर पडणे ती वामकुक्षी. ढोल वाजवले तरी मोडत नाही ती गाढ झोप. आणि पहाटेची, उठवल्यास राग येईल अशी ती साखरझोप. आपल्या आज्या-पणज्यांनी यंत्रे लावून काही मोजले नव्हते. पण रात्रीची सगळी झोप एकाच वाणाची नसते, एवढे त्यांच्या लक्षात आले होते.

शीण उतरण्याच्या दृष्टीने यांपैकी गाढ झोपेचे महत्त्व मोठे आहे. या अवस्थेत मेंदूतील विद्युत्लहरी संथ आणि उंच होतात. हृदयाचे ठोके मंदावतात. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री दिवसापेक्षा साधारणपणे दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. म्हणजे रक्तवाहिन्यांनाही सुट्टी मिळते. शरीराची झीज भरून काढायला मदत करणारे वाढीचे संप्रेरक याच वेळी मोठ्या प्रमाणात स्रवते. सकाळपासून उतरत आलेले कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत खालच्या पातळीला असते आणि उठण्याच्या वेळेला पुन्हा वर येते.

हे सगळे घडले की नाही, ते कसे कळावे? त्यासाठी संशोधकांनी एक युक्ती शोधली आहे. स्वस्थ माणसाचे हृदय घड्याळाप्रमाणे काटेकोर चालत नाही. दोन ठोक्यांमधील अंतर किंचित कमीजास्त होत राहते आणि विश्रांतीच्या वेळी हा फरक वाढतो. ताणात असलेले हृदय मात्र टाकीचे घाव घातल्यासारखे एकसारखे ठोके देते. छातीवर एक छोटे यंत्र चिकटवून कामगाराला त्याच्याच घरी, त्याच्याच अंथरुणावर झोपू द्यायचे आणि सकाळी ही नोंद तपासायची. आठ तास झोपूनही ज्याचे हृदय रात्रभर कामावरच होते, असा माणूस या नोंदीत सापडतो. ‘डोळा लागला, पण शीण गेला नाही’ हे वाक्य असे कागदावर उमटते.

(४)

आता वयाकडे वळू. यासाठी एका विलक्षण प्रयोगाची हकिकत सांगितली पाहिजे.

अमेरिकेतील केंटकी राज्यात मॅमथ केव्ह नावाची अवाढव्य गुहा आहे. आत सूर्यप्रकाश नाही, दिवस-रात्र नाही, बाराही महिने हवा सारखीच थंड. १९३८ च्या जूनमध्ये वर उल्लेखलेले क्लाइटमन आणि त्यांचा तरुण विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन या गुहेत राहायला गेले. गुहेतील उंदीर अंगावर चढू नयेत, म्हणून पलंगाचे पाय पाण्याने भरलेल्या डब्यांत ठेवले होते. दोघांनी ठरवले, की चोवीस तासांचा दिवस सोडून द्यायचा आणि अठ्ठावीस तासांचा दिवस पाळायचा : एकोणीस तास जागे राहायचे, नऊ तास झोपायचे. बत्तीस दिवस ते असे राहिले आणि शरीराच्या तापमानाच्या नोंदी ठेवत गेले. रिचर्डसनचे शरीर आठवडाभरात नव्या दिवसाला रुळले. क्लाइटमन तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. त्यांचे शरीर अखेरपर्यंत बाहेरच्या, न दिसणाऱ्या सूर्याच्या तालावरच चालत राहिले. झोपायची वेळ आली की त्यांना झोप येईना आणि जागे राहायची वेळ आली की डोळे उघडे राहीनात.

दोन माणसांवरून नियम ठरत नाही, हे खरे. रिचर्डसनऐवजी दुसरा तरुण असता तर कदाचित त्यालाही ते जमले नसते. तरी या गोष्टीतून दोन मुद्दे निघतात आणि पुढील संशोधनाने ते दोन्ही पक्के केले. पहिला, शरीरात एक घड्याळ आहे आणि ते आपल्या इच्छेवर चालत नाही. हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते, त्याचा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ सालचा नोबेल पुरस्कार मिळाला. दुसरा, वय वाढते तसे घड्याळाचे काटे मागेपुढे करणे अवघड होत जाते. पंचविशीतला कामगार रात्रपाळीला जितक्या सहज जुळवून घेतो, तितक्या सहज पन्नाशीतला घेऊ शकत नाही. माझे वडील गिरणीतच होते आणि गुहेत कधी गेले नव्हते. पण दुपारी अकराला त्यांची झोप मोडत होती ती केवळ आमच्या गोट्यांच्या आवाजाने नव्हे, हे आता मला कळते. त्यांच्या शरीरातील घड्याळ त्यांना सांगत होते, की ही उठण्याची वेळ आहे.

वयाचा आणखी एक परिणाम आहे आणि तो अधिक खोल आहे. शिकागो विद्यापीठातीलच एव्ह व्हॅन कॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली १४९ निरोगी पुरुषांच्या झोपेचा अभ्यास प्रसिद्ध केला. सोळा ते पंचवीस या वयात एकूण झोपेपैकी जवळजवळ १९ टक्के झोप गाढ होती. छत्तीस ते पन्नास या वयात ती साडेतीन टक्क्यांच्याही खाली आली होती. म्हणजे ही घट म्हातारपणी नव्हे, ऐन कर्त्या वयात होते. पन्नाशीच्या आसपासून एकूण झोपही दर दशकाला सरासरी २७ मिनिटांनी कमी होत गेली आणि संध्याकाळचे कॉर्टिसॉल पूर्वीसारखे खाली उतरेनासे झाले. हा अभ्यास पुरुषांपुरता होता, हे ध्यानात ठेवावे. सगळ्यांच्या बाबतीत आकडे हेच असतील असे नाही. दिशा मात्र हीच.

आपल्याकडे म्हणतात, ‘वय झाले की झोप कमी लागते.’ या समजुतीत एक गफलत आहे. झोप कमी ‘लागत’ नाही, कमी ‘मिळते’. शीण उतरण्याची गरज तेवढीच राहते, किंबहुना वाढते. ती भागवणारी गाढ झोप तेवढी आटते. अमेरिकेतील नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५ साली तज्ज्ञांच्या मतानुसार चौसष्टपर्यंतच्या प्रौढांना सात ते नऊ तास आणि पासष्टच्या पुढे सात ते आठ तास झोप योग्य ठरवली. फरक एवढाच आहे. पाच तासांत भागते, असे अभिमानाने सांगणाऱ्या ज्येष्ठांनी हा आकडा एकदा पाहावा.

‘पण मला सवय झाली आहे,’ असे ते म्हणतील. २००३ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना चौदा दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोप दिली. दिवसागणिक त्यांचे लक्ष विचलित होत गेले. अखेरीस त्यांची अवस्था एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी झाली. गंमत अशी, की त्यांना स्वतःला मात्र फारशी झोप येत नाही असेच वाटत होते. सवय झाली होती ती थकव्याची; झोपेविना राहण्याची नव्हे. यंत्रावर किंवा गाडीच्या चाकामागे बसणाऱ्याने याचा अर्थ जरूर लक्षात घ्यावा.

पाठगत प्रश्न २
(अ) गुहेतील प्रयोगावरून लगेच नियम ठरवता येत नाही, असे लेखक का म्हणतो?
(आ) ‘झोप कमी लागत नाही, कमी मिळते.’ या वाक्यातील दोन क्रियापदांच्या अर्थांतील फरक स्पष्ट करा.

(५)

शारीरिक श्रम करणाऱ्याला झोप चांगली लागते आणि बैठे काम करणाऱ्याला लागत नाही, असे आपण ऐकतो. त्यात तथ्य आहे. पण पूर्ण सत्य नाही. कामगाराला रात्री जागे ठेवते ते बहुधा दमलेले अंग नव्हे, तर न संपलेले काम. पाळी सुटते, माणूस घरी येतो, दिवा मालवतो. आणि अंधारात साहेबाचे शब्द पुन्हा ऐकू येऊ लागतात. उद्याचा माल वेळेवर निघेल का, हिशेबातले दोनशे रुपये कुठे गेले, नव्या यंत्रावर आपला हात बसेल का, की एखाद्या तरुण पोराला आपल्या जागी घेतील? शरीर अंथरुणावर असते, मन हजेरीपटावर. मनात काम चालू असेल तर हृदयाला ते प्रत्यक्ष चालू असल्यासारखेच वाटते. ठोके उतरत नाहीत, कूस बदलण्यात रात्र जाते.

कोणते काम असे अंथरुणापर्यंत पाठलाग करते? अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली एक मार्मिक मुद्दा मांडला. काम पुष्कळ आहे एवढ्याने माणूस पिचत नाही. काम पुष्कळ आणि ते कसे, कोणत्या क्रमाने, किती वेगाने करायचे यावर त्याचा स्वतःचा काहीही ताबा नाही, अशी स्थिती सर्वांत ताणाची. जर्मनीतील योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ साली त्याला जोड दिली : जीव तोडून काम करावे आणि त्या मानाने पगार, मान किंवा नोकरीची शाश्वती मिळू नये, यानेही शरीर झिजते. तीस वर्षे एकाच खात्यात काढलेल्या माणसाला कालच्या पोराने सर्वांदेखत बोलावे, यात किती रक्तदाब वाढत असेल याचा अंदाज वाचकच करू शकेल.

फिनलंडमध्ये १९८१ साली नगरपालिकांच्या हजारो कामगारांचा एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. झाडूवाले, स्वयंपाकी, परिचारिका, कारकून, शिक्षक, सगळेच त्यात होते आणि बहुतेक पंचेचाळिशी ओलांडलेले होते. यूहानी इल्मारिनेन आणि त्यांचे सहकारी या माणसांची कार्यक्षमता वर्षानुवर्षे मोजत राहिले. वयाबरोबर ती अनेकांची घटली, हे अपेक्षितच होते. पण काहींची सुधारली! या सुधारणेशी ज्या गोष्टींचा संबंध दिसला, त्यांत व्यायाम होता, एकाच तऱ्हेच्या हालचाली कमी होणे होते आणि वरिष्ठांची वागणूक बदलणे हेही होते. औषधाच्या दुकानात यातले काहीच मिळत नाही.

(६)

म्हणून झोप ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे, हे मत मला पटत नाही. विश्रांती मागण्याचा इतिहास आपल्याच मातीत आहे. मुंबईतील गिरण्यांमध्ये पूर्वी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना संघटित केले. त्यांच्या मागण्या आज वाचल्या तर त्यांत मोठे शब्द दिसत नाहीत : रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर. १८९० च्या एप्रिलमध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि त्यात दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवारी उशिरापर्यंत पडून राहताना या माणसांची आठवण किती जणांना होते, कोण जाणे!

पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादाच नाहीशी झाली. काही गिरण्या दिवसाला चौदा-पंधरा तास चालू लागल्या. दिव्याने उजेड दिला आणि झोप नेली. अखेर १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांचे तास बारावर आणले. टप्प्याटप्प्याने ते कमी होत गेले आणि १९४८ च्या कारखाना अधिनियमाने दिवसाला नऊ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती हवी, असेही त्यात होते. रात्रपाळीवाल्याची सुट्टी त्याची पाळी संपल्यापासून सलग चोवीस तास मोजावी, ही त्यातील तरतूद मला फार समजूतदार वाटते. ती लिहिणाऱ्याने रात्रपाळी करून आलेला माणूस जवळून पाहिला असावा.

कारखान्याच्या फाटकाबाहेर मात्र ही समजूत अजून पुरती पोचलेली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर माझे वडील गिरणीत परतले नाहीत. पन्नाशीत त्यांनी एका इमारतीच्या फाटकावर पहारेकऱ्याची नोकरी धरली : रात्री आठ ते सकाळी आठ. ज्या वयात शरीर रात्रपाळीला सर्वांत नाखूश, नेमक्या त्याच वयात बारा तासांची रात्र. आजही शहराशहरांत अशा फाटकांवर पिकल्या केसांची माणसे खुर्चीत बसलेली दिसतात. एखाद्याला डुलकी लागली की रहिवासी तक्रार करतात. तक्रार करण्यापूर्वी त्याचे वय विचारावे, असे मला नेहमी वाटते.

(७)

प्रत्येकाला काम बदलता येत नाही. तरी काही गोष्टी हातात असतात. चहा-कॉफीतील कॅफीनचा बराचसा अंश चार-सहा तासांनंतरही शरीरात उरतो, म्हणून झोपेच्या आधीचा शेवटचा कप दुपारीच घ्यावा. मद्याने डोळा लवकर लागतो. पण उत्तररात्रीची झोप तुटते. रात्रपाळीहून परतताना सकाळचे ऊन डोळ्यांवर कमी घेणे, खोली अंधारी करणे आणि घरच्यांनी ती झोप ‘दिवसाची’ म्हणून हलकी न लेखणे, यांचा उपयोग होतो. पाळीपूर्वी वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी घेतलेला कामगार अधिक सावध असतो. उद्याच्या कामांची यादी झोपण्यापूर्वी कागदावर उतरवली, तर मनाला ती रात्रभर पाठ करत बसावे लागत नाही. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडून दचकून जाग येणे आणि पुरेसे झोपूनही दिवसभर पेंग येणे, ही लक्षणे असतील तर मात्र तो वयाचा दोष समजू नये. हा उपचार असलेला विकार असू शकतो आणि डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे.

आणि हे पुस्तक? रात्री अकरानंतर डोळे मिटत असतील, तर ते खुशाल मिटावे. दिवसभरात शिकलेले स्मरणात पक्के होण्याचे कामही झोपेतच चालते. राहिलेले पान सकाळी वाचता येते.

शब्दार्थ

शीण – श्रमामुळे आलेला थकवा
साचेखाते – गिरणीतील मागांचा, कापड विणण्याचा विभाग
पाळी – कामाची ठरलेली वेळ
संप्रेरक – शरीरातील ग्रंथींतून स्रवणारे, शरीरक्रियांवर नियंत्रण ठेवणारे द्रव्य
गफलत – चूक, घोटाळा
उत्तररात्र – रात्रीचा मध्यानंतरचा भाग
मार्मिक – वर्माला स्पर्श करणारा, नेमका
तरतूद – आधी करून ठेवलेली सोय, कायद्यातील व्यवस्था

भाषाभ्यास

१. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा :
डोळा लागणे, डोळ्याला डोळा न लागणे, झोपेचे खोबरे होणे, पाठ टेकणे, कूस बदलणे, जिवाचे रान करणे.

२. ‘साखरझोप’ या सामासिक शब्दाचा विग्रह करा. झोपेला साखरेची उपमा का दिली असावी, ते दोन वाक्यांत लिहा.

३. ‘दिव्याने उजेड दिला आणि झोप नेली.’ या वाक्यातील दोन क्रियापदे परस्परविरोधी अर्थाची आहेत. अशी रचना असलेली दोन वाक्ये स्वतः तयार करा.

स्वाध्याय

१. ‘डोळा लागला होता, पण शीण काही गेला नाही.’ या वाक्याचा अर्थ लेखकाला पुढे कसा उलगडला, ते आठ-दहा ओळींत लिहा.

२. कॅरासेक आणि सीग्रिस्ट यांच्या विचारांतील फरक तुमच्या ओळखीच्या एखाद्या कामाचे उदाहरण देऊन स्पष्ट करा.

३. नारायण मेघाजी लोखंडे यांनी केलेल्या मागण्यांत ‘मोठे शब्द दिसत नाहीत’ असे लेखक म्हणतो. या मागण्यांचे महत्त्व तुमच्या मते काय? सकारण लिहा.

४. ‘झोप ही खाजगी बाब आहे’ हे मत लेखकाला मान्य नाही. तुम्हांला मान्य आहे का? तुमची बाजू मांडा.

५. उपक्रम : तुमच्या घरातील किंवा शेजारच्या, पन्नाशी ओलांडलेल्या एखाद्या कष्टकरी स्त्रीशी किंवा पुरुषाशी बोला. तरुणपणीची त्यांची झोप आणि आजची झोप, कामाच्या वेळा, रात्री जाग येण्याची कारणे यांविषयी विचारा. त्यांनी वापरलेले झोपेविषयीचे शब्द जसेच्या तसे टिपून ठेवा; ते प्रमाण मराठीतील नसले किंवा तुमच्या प्रांतातील दुसऱ्या एखाद्या भाषेतील असले, तरी चालेल. त्या टिपणांच्या आधारे एक पानभर मजकूर लिहा.